उजवीकडचं स्टिअरिंग

फुजैरातल्या आमच्या घरी येणाऱ्या माणसाला आधी पिकअपला वळसा घालावा लागे आणि मग दार सापडे. घर बैठं होतं, कंपनीनं भाड्यानं घेतलेलं, भोवती उंच पांढरी भिंत. भिंतीपलीकडे एका बाजूला उघडे तपकिरी डोंगर. सकाळी ते हाताला लागतील इतके जवळ वाटायचे आणि दुपारच्या झळांमध्ये विरघळून मागे सरकायचे. दुसऱ्या बाजूला, दोन रस्ते ओलांडले की समुद्र. त्यावर कायम जहाजं उभी असायची. तेल भरून घ्यायला आलेली, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत बसलेली. लहानपणी मला वाटे की जहाजं ही समुद्राचाच भाग आहेत, डोंगराला खडक असतात तशी. आणि अंगणाच्या मधोमध, लोखंडी घोड्यांवर, चाकांशिवाय, ती पिकअप. तीही हलत नसे. मला त्यात वेगळं काही वाटायचं नाही. आमच्याकडे सगळंच कशाची तरी वाट बघत थांबलेलं असे.

बाबा तिथल्या तेलाच्या टर्मिनलवर मेंटेनन्स इंजिनियर होते. पिकअप त्यांना मिळाली ती आमच्या घरमालकाकडून. अबू सईद शेजारीच राहायचा, खजुराची थोडी झाडं, पुष्कळ बकऱ्या आणि त्याहून पुष्कळ मतं असलेला म्हातारा. त्याच्या वाडीच्या मागे एका काटेरी झाडाखाली ही जुनी अमेरिकन गाडी कित्येक वर्षं उभी होती. गोल मडगार्ड, गोल दिवे, लांब नाक. मागच्या हौद्यात बकऱ्या झोपत आणि इंजिनाच्या जागी एक कोंबडी अंड्यांवर बसलेली असे. बाबा संध्याकाळी फिरायला गेले की तिच्यापाशी थांबत. एक दिवस अबू सईदनं विचारलं, "मुहंदिस, रोज देखता है. चाहिए?" मुहंदिस म्हणजे इंजिनियर; बाबांना तो दुसऱ्या नावानं कधी हाक मारत नसे. "ले जाओ," अबू सईद म्हणाला, "लेकिन मुर्गी मेरा है." कोंबडीची पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबून मग बाबांनी ती गाडी ओढून आणली. मी तेव्हा तिसरीत असेन.

बाबांच्या डोक्यात हॉट रॉड होतं. टर्मिनलच्या मेसमध्ये कुणीतरी टाकून गेलेल्या एका मासिकात त्यांनी ते पाहिलं होतं. जुनी गाडी घ्यायची, तिचा सांगाडा खाली आणायचा, छत कापून बुटकं करायचं, मागे रुंद चाकं लावायची, आत मूळच्या दुप्पट ताकदीचं इंजिन बसवायचं आणि वर असा रंग द्यायचा की लोकांनी वळून बघावं. साध्या, डबा नेणाऱ्या, पगार झाला की आधी घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाला हे खूळ कुठून लागलं, हे मला आजही सांगता येणार नाही. छत कापायच्या रेघा त्यांनी खडूनं आखल्यासुद्धा होत्या. आई बाहेर आली, रेघांकडे पाहिलं, दार उघडून आत बसली आणि म्हणाली, "अहो, माझा अंबाडा कुठे जाईल?" छत वाचलं. खडूच्या रेघा मात्र बरीच वर्षं तशाच होत्या, आणि बाबा अधूनमधून त्यांच्याकडे हळहळून बघत.

काम फक्त शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चाले. शुक्रवार म्हणजे पोहे, मग खिडकीतल्या एसीची घरघर ऐकत थोडा वेळ लोळणं, मग अंगणातून ग्राइंडरचा आवाज. तो आवाज आधी दातांत शिरायचा आणि मग कानात. टर्मिनलवर बाबांना कुठलंही गरम काम परवान्याशिवाय करता येत नसे. आजूबाजूला काय आहे ते तपासायचं, वाळूची बादली भरून ठेवायची, दुसऱ्या माणसाला ओरडून सांगायचं आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. घरी तो दुसरा माणूस म्हणजे आई. ठिणग्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांना भोकं पडतात हे तिनं एका रेशमी साडीची किंमत मोजून शिकून घेतलं होतं. बाबा अंगणातून ओरडत, "काम सुरू!" आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडे, "दोरी रिकामी!" मगच काम सुरू होई. आई आंघोळीला गेली असेल तर बाबा हातात वेल्डिंगचा दांडा घेऊन ताटकळत उभे राहत, पण तिच्या उत्तराशिवाय त्यांनी कधी सुरुवात केली नाही. अबू सईदलाही हे पाठ झालं होतं. भिंतीपलीकडून त्याचं "डोरी रिकामी!" ऐकू यायचं, कधी कधी आईच्याही आधी, आणि बाबा ते धरत नसत.

दुपारी जेवण. बाजारातून आणलेली सुरमई, तिचं डोकं आमटीत, तुकड्या तव्यावर, सुट्टीहून येताना बॅगेतून आणलेल्या आमसुलाची सोलकढी. बाबांच्या नखांतलं ग्रीस काही केल्या निघत नसे, म्हणून ते शुक्रवारी चमच्यानं जेवत आणि आई त्यांना "साहेब" म्हणे. जेवण झालं की घरावर झोप उतरायची. पडदे ओढलेले, बाहेर पांढरं फटक ऊन, मशिदीतली अजान, मग पुन्हा शांतता आणि त्या शांततेत लांबवर एखाद्या जहाजाचा भोंगा. मी पिकअपच्या पुढच्या सीटवर जाऊन झोपे. पत्रा तापलेला असे, पण आमच्या एकुलत्या एका कडुलिंबाची सावली तिच्यावर पडायची, आणि ग्रीस, गंज आणि जुन्या रेक्झिनचा जो मिसळलेला वास येई तो मला आवडायचा. आज मी दुबई मरीनात बाविसाव्या मजल्यावर राहते. माझ्या मुलाला एकदा हे सांगत होते. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आई, दॅट साउंड्स लाइक हीटस्ट्रोक." असेलही.

आमच्या घरात एक कपाट होतं, त्याचं नाव "पुण्याला". न वापरलेल्या चादरी, काचेचा डिनर सेट, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गालिचा, खोक्यातला मिक्सर. आम्ही वापरत होतो तो मिक्सर कण्हायचा, पण नवा काढायचा नाही, कारण तो पुण्याला न्यायचा. आमच्या ओळखीच्या सगळ्याच घरांत असं एक कपाट असे. बाबांचं कंत्राट दर दोन वर्षांनी नवं व्हायचं आणि दर वेळी ते म्हणत, "आता हे शेवटचं." खोटं बोलत नसत. दर वेळी त्यांना तसंच वाटे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता, कुलूप लावलेला. बाबा निवृत्त झाल्यावर ते दोघं खरंच तिथे गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर ते खोकं उघडलं. मिक्सर कोरा होता आणि त्याची चौकोनी पिनांची वायर तिथल्या भिंतीत बसेना. आईला हसू आवरेना. बाबा ॲडॅप्टर आणायला गेले.

पिकअपचं स्टिअरिंग त्याच कपाटाच्या हिशेबानं बसलं. मूळचं, डावीकडचं, गंजून एकजीव झालं होतं. ते कापून काढल्यावर दुसरं शोधायला आम्ही शारजाच्या औद्योगिक भागात गेलो. बाबा मला बरोबर नेत, कारण आई म्हणायची, तू असलीस की ते जेवायला तरी थांबतात. मैलभर वर्कशॉप, पत्र्याच्या शेडी, तेलानं काळी झालेली वाळू. एका वखारीत जपानहून आलेल्या अर्ध्या गाड्या रचलेल्या होत्या. करवतीनं मधोमध कापलेल्या, पुढचा भाग तेवढा, आफ्रिकेला किंवा पाकिस्तानला जायच्या. सगळ्यांची स्टिअरिंग उजवीकडे, आपल्याकडे असतात तशी. डाव्या स्टिअरिंगचा ढीग शेजारच्या वखारीत होता. बाबा दोन्हींच्या मध्ये उभे राहिले. वखारवाला पठाण म्हणाला, "साहब, अमरीकी गाडी है, लेफ्ट वाला ले लो. राइट का यहाँ मुल्किया नहीं मिलेगा." मुल्किया म्हणजे गाडीचं नोंदणीचं कार्ड. ते नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

"इधर नहीं चलानी," बाबा म्हणाले. "इंडिया लेके जाएंगे."

"पक्का?"

"पक्का. दो साल में."

तिथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं की कायमचं परत जाताना घरसामानाबरोबर आपली गाडी नेता येते. कुणी नेली होती हे मात्र कुणालाच सांगता येत नसे. बाबांनी जपानी गाडीच्या उजव्या बाजूची स्टिअरिंगची पेटी, दांडा, पेडल्स असं सगळं उचललं. परतताना डोंगरातल्या रस्त्यावर ते गुणगुणत होते. मी म्हटलं, "बाबा, बट वी लिव्ह हिअर." ते म्हणाले, "सध्या."

त्यानंतरची वर्षं मला एका लांबलचक शुक्रवारासारखी आठवतात. डॅशबोर्डच्या उजव्या बाजूला गोल भोक पाडलं गेलं. मी पाने ओळखायला शिकले, मग नट न बघता बोटांनी मापायला, मग चिमटीत धरलेला वॉशर न पाडता वर पोचवायला. अपघातात गेलेल्या एका मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन आलं आणि ते दोन उन्हाळे चादरीखाली झोपून राहिलं. जून ते सप्टेंबर अंगणात काही करता येत नसे. हातातला पाना भाजायचा. आम्ही काचेतून पिकअपकडे बघत बसायचो. वाळूचं वादळ आलं की ती दिसेनाशी व्हायची आणि मग हळूहळू, आधी छत, मग नाक, अशी परत उमटायची. दरम्यान आईनं ड्रायव्हिंगचं लायसन्स काढलं, तेही बाबांपेक्षा कमी फेऱ्यांत, आणि ती एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर जायला लागली. लहानशी पांढरी गाडी ती इतक्या झोकात अंगणातून मागे काढायची की पिकअपच्या बंपरला वीतभर अंतरावरून नमस्कार होई आणि बाबा डोळे मिटून घेत.

मी अकरावीत असताना इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, मग गप्प बसलं, आणि तिसऱ्यांदा असं गरजलं की स्वयंपाकघरातली भांडी वाजली. अबू सईद एकाच पायात चप्पल घालून धावत आला. "खलास, मुहंदिस, खलास! मेरा बकरी दूध नहीं देगा!" पण तो गेला नाही. हौद्यावर हात ठेवून, थरथर तळव्यात घेत, बराच वेळ उभा राहिला.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं पिकअपमधून फिरायला गेलो. फाटक बंदच होतं. बाबा उजवीकडे स्टिअरिंगवर, आई डावीकडे, मी मागे हौद्यात. गाडी अंगणाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायची आणि तशीच मागे यायची. सूर्य डोंगराआड गेला होता आणि सगळं अंगण जांभळट झालं होतं. आई म्हणाली, "डावीकडे बसल्यावर पुण्यात असल्यासारखं वाटतंय हो." मग बाबांच्या उत्साहाला ऊत आला. "हे बघ, आता कर्वे रोडला लागलो." पुढे. "सिग्नल आहे, थांबा." मागे. "आता सिंहगड रोड. डावीकडे बघ, ताजी अंजिरं." आई भिंतीकडे बघून म्हणाली, "महाग लावलीत." मला पुणं माहीत होतं ते सुट्टीतलं, ओलं आणि पाहुण्यांनी भरलेलं. पण त्या संध्याकाळी हौद्यात पाठीवर पडून वर फिकट होत जाणाऱ्या आभाळाकडे बघताना मला खरंच कुठेतरी जात असल्यासारखं वाटलं. आम्ही किती वेळ फिरत होतो कोण जाणे. पेट्रोल संपलं तेव्हा आम्ही, बाबांच्या मते, खडकवासल्याला होतो.

पुढच्या शुक्रवारी बाबांनी अजितमामाला फोन लावला. आईचा हा भाऊ मुंबईला बंदरातून माल सोडवून घ्यायचं काम करायचा. आईलाही बोलता यावं म्हणून फोन स्पीकरवर असे. बाबांनी इंजिनाची बातमी दिली आणि विचारलं की गाडी आणायला कागद काय काय लागतील.

"कुठली गाडी, भाऊजी?"

"अरे पिकअप. आपली."

"भाऊजी, ती अबू का कोणाची? कोंबडीवाली?"

"आता बघशील तर ओळखणार नाहीस."

"मी नाही हो, कस्टमवाला ओळखेल. अहो, त्या सवलतीत चालू मॉडेलची गाडी येते, तिथे स्वतःच्या नावावर वापरलेली. तुमच्या नावावर हिचा कागद तरी आहे का? सांगाडा अमेरिकन, इंजिन दुसऱ्याच गाडीचं, स्टिअरिंग जपानी. तो विचारेल ही गाडी आहे की मिसळ."

"म्हणजे काही मार्ग नाही?"

"भंगार म्हणून आणता येईल. पण मग तुकडे करून."

"बरं," बाबा म्हणाले. "बघू." मग त्यांनी फोन आईकडे दिला आणि बाहेर जाऊन पिकअपवर ताडपत्री घातली. चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

गोष्ट सरळ होती. उजव्या स्टिअरिंगनं इथे मुल्किया मिळणार नव्हता आणि तिथे ही गाडी घेणार नव्हते. ती फक्त आमच्या अंगणात चालू शकत होती. उपायही सरळ होता: स्टिअरिंग डावीकडे घ्यायचं. बाबांना तो माझ्याआधी सुचला असणार. पण एकामागून एक शुक्रवार गेले, ते पोहे खाऊन पेपर घेऊन बसत आणि ताडपत्रीला हातसुद्धा लावत नसत. घर फार शांत झालं. ग्राइंडरशिवायची ती शांतता मला सहन होईना. अबू सईदनं भिंतीवरून डोकं काढून विचारलं, "मुहंदिस बीमार है?"

शेवटी मी आईला विचारलं. ती ओट्यापाशी सुरमई साफ करत होती.

"बाबा स्टिअरिंग डावीकडे का घेत नाहीत?"

"घेतलं की इथेच राहायचं असं ठरेल ना."

"मग राहू या."

"आणि तू?" आईनं खवले निपटून बाजूला सारले. "तुझी बारावी झाली की राजीनामा द्यायचं ठरवलंय त्यांनी. या वेळी खरंच. इथे तुला हवं ते कॉलेज नाही, आणि मुलीला एकटीला हॉस्टेलला टाकायची नाही म्हणतात. तुझ्या आत्याला टाकलं होतं. पहिल्या दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. शिक्षण तिथंच संपलं. जा म्हणून हेच तिच्या मागे लागले होते, ते त्यांच्या मनातून जात नाही."

हे मला नवीन होतं. मी समजत होते की पुण्याचा हट्ट पुण्यासाठी आहे.

"तुला जायचंय?" मी विचारलं.

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

आईनं हात थांबवला. "मला सकाळी गाडी काढून क्लिनिकला जायला आवडतं," ती म्हणाली. "समुद्राच्या बाजूनं जाते, लांब पडतं तरी. पुण्यात मला कोणी गाडी काढू देणार नाही. म्हणतील, एवढी ट्रॅफिक, रिक्षानं जा."

"आणि बाबांना?"

"त्यांना विचारू नकोस. ते खरं सांगतील आणि मग आठवडाभर त्यांनाच वाईट वाटेल."

मी हॉस्टेलला घाबरत होते. पुण्यात मला रस्ता ओलांडायचीसुद्धा भीती वाटायची, गाड्या चुकीच्या बाजूनं येत. पण मी बसून हिशेब केला. मी घाबरते म्हणून दोन माणसांनी आपलं चाललेलं आयुष्य गुंडाळायचं, हे मला पटेना. मी गेले आणि मला नाही जमलं, तर तेव्हा बघता येईल. मी गेलेच नाही, तर काहीच बघता येणार नव्हतं. यात त्याग वगैरे काही नव्हता. सतराव्या वर्षी माणूस फार व्यवहारी असतो, निदान मी होते.

त्या शुक्रवारी बाबा पेपर वाचत असताना मी विटा काढल्या, ताडपत्री ओढली आणि पान्यांची पेटी घेऊन पिकअपमध्ये शिरले. मग ओरडले, "काम सुरू!"

मी काही वेल्डिंग करणार नव्हते, उत्तराची गरज नव्हती. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, ओरडून नाही, पण स्पष्ट, "दोरी रिकामी."

बाबा चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आले. "कसलं काम?"

"स्टिअरिंग काढतेय."

"नीलू, ठेव तो पाना."

"नाही."

"हे एकदा काढलं की परत बसणार नाही. मागची पट्टी कापावी लागते."

"माहितीय. मीच धरली होती तुम्ही जोडताना."

त्यांनी आईच्या खिडकीकडे पाहिलं. आई खिडकीत होती आणि तिथून हलली नाही. बाबा पुढे आले, दाराला धरून वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मग तू एकटी जाणार. कळतंय का तुला? मेसचं पाणीदार वरण. आजारी पडलीस तर कोण बघेल?"

"गोळी घेईन."

"गोळी घेईन म्हणे!"

"बाबा, पुण्याच्या पार्किंगमध्ये आपली स्कूटरसुद्धा तिरकी लावावी लागते. ही कुठे ठेवणार होतात?"

इतकी वर्षं काम करून त्यांनी याचा विचारच केला नव्हता, आणि तसं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते म्हणाले, "तुझी आत्यापण म्हणाली होती, जमेल म्हणून."

"बाबा, आय ॲम नॉट हर."

ते सरळ उभे राहिले. खूप वेळ समुद्राच्या दिशेनं बघत राहिले, जिथे भिंतीमुळे समुद्र दिसत नव्हता. पलीकडे बकऱ्या ओरडत होत्या. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. काम सुरू करायच्या आधी ते नेहमी घड्याळ काढत.

"तो पाना इंचाचा आहे," ते म्हणाले. "नटाच्या कडा मारशील. जपानी आहे ते, मिलिमीटरचा घे."

मी गेले तेव्हा पिकअपला स्टिअरिंगच नव्हतं. डावीकडचं मिळायचं होतं आणि उजवीकडचं ताडपत्रीवर पडलं होतं. आईनं विमानतळावर सोडलं, बाबा शेजारी बसून पूर्ण रस्ता तिला स्पीड सांगत होते. पुण्यातल्या हॉस्टेलबद्दल इथे लिहीत नाही. वरण खरोखर पाणीदार होतं. पहिले तीन महिने मी रोज ठरवायची की दिवाळीला जाऊन परत यायचंच नाही, म्हणून दिवाळीला मी फुजैराला गेलेच नाही. आत्याकडे गेले. तिनं काही विचारलं नाही, पण निघताना डब्यात एवढा फराळ भरला की तो मजलाभर पुरला. रविवारी बाबांचा फोन येई. ते माझ्या अभ्यासाचं विचारत आणि मग घाईघाईनं पिकअपचं सांगत: डावीकडची पेटी मिळाली, ब्रेक धरले, तपासणीत रुंद चाकं नापास झाली, साधी घातली, आईनं रंग ठरवला. अबू सईदनं कुठून तरी जुने कागद शोधून काढले. असं करत करत, माझं दुसरं वर्ष संपता संपता, एका रविवारी त्यांनी अभ्यासाचं विचारलंच नाही. नुसतं म्हणाले, "मुल्किया आला."

त्या सुट्टीत मी शारजाच्या विमानतळावर उतरले. भर दुपार होती. बाहेर पडल्याबरोबर दमट हवेनं चष्म्यावर वाफ धरली आणि तो पुसेपर्यंत मला काही दिसलं नाही, फक्त आवाज ऐकू आला, खोल, गुरगुरता. पुसून पाहिलं तर समोर ती उभी होती. चाकांवर, रस्त्यावर, मोरपंखी रंगाची. येणारेजाणारे वळून बघत होते. बाबांनी इंजिन बंद केलं नव्हतं, ते परत सुरू होईलच याची त्यांना खात्री नव्हती. मी बॅग हौद्यात टाकली, डाव्या बाजूला गेले आणि दार उघडलं.

आत बाबा बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"चालवायचीय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. सवयीनं आले."

"लागली सवय?"

"लागली."

त्यांनी मान हलवली. केस बरेच पांढरे झाले होते. "मग बस तिकडून. यल्ला, चल, मागे पोलीस आहे."

मी वळसा घालून उजवीकडे बसले. गुडघ्यांना गरम वारा लागायला लागला. पाहिलं तर डॅशबोर्डमध्ये, बरोबर माझ्या समोर, जुन्या स्टिअरिंगच्या दांड्याचं भोक तसंच होतं. बाकी सगळं रंगवलं होतं, घासलं होतं, चकचकीत केलं होतं. त्या भोकाभोवतीचा पत्रा तेवढा उघडा होता.

"हे बुजवलं नाहीत?"

"मी का बुजवू?" आरशात बघून गाडी बाहेर काढत बाबा म्हणाले. "काढलंस तू. पत्रा कापून ठेवलाय, सुट्टीत लाव."

मी भोकात बोट घालून कड चाचपली. खरखरीत होती. पत्रा बसवायच्या आधी तिथे कानस फिरवावी लागणार होती.